कोब्यावरचा हरभरा

बसनं मेहकर सोडलं, डोणगावचा रस्ता लागला आणि खिडकीतून कुटाराची धूळ आत आली. हरभऱ्याचंच कुटार. डोळे बांधून हुंगायला दिलं तरी मी ओळखीन. गव्हाचा भुसा नाकाला गोडसर लागतो, तुरीच्या कुटाराला मातीचा वास असतो, हरभऱ्याचं कुटार मात्र थेट घशात जाऊन आंबट खाजवतं. शेजारी बसलेल्या माझ्या नातीनं, श्रावस्तीनं, ओढणी नाकावर ओढली. रस्त्याच्या अर्ध्या भागात हरभरा पसरलेला होता, कडेनं दगड मांडले होते आणि आमचा ड्रायव्हर शिव्या घालत उरलेल्या अर्ध्यातून बस काढत होता.

"आजी, भर रस्त्यावर धान्य कोण वाळवतं?"

"ज्याच्याजवळ कोबा नाही तो," मी म्हटलं.

आमच्याजवळ होता. डोणगावपासून थोडं पुढं, रस्त्याला लागून, आमच्या शेताच्या टोकावर. तसा गुळगुळीत सिमेंटचा कोबा त्या काळात कचेरीतसुद्धा नव्हता. आणि तो हरभऱ्यासाठी केलेला नव्हता. त्यावर चाकं फिरायची. पायांना लावलेली चाकं. स्केटिंगची रिंक होती ती. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, गावही आधी हसलंच होतं. श्रावस्ती बुलढाण्यात शिकते, तिला सगळं माहीत असतं, ती म्हणाली, "आजी, फेकू नको." म्हणून तर तिला दाखवायला घेऊन निघाले होते.

फाल्गुन आला की मला दुसरं काही सुचत नाही. पळस पेटलेले असतात, ऊन अजून पुरतं चावत नाही, दुपारी शेतं एकदम रिकामी दिसायला लागतात, आणि माझ्या पायांच्या तळव्यांना उगाच गुदगुल्या होतात. डॉक्टर म्हणतात साखर वाढली. असेल. मला मात्र दाणे आठवतात. कोब्यावर पसरलेल्या, उन्हानं तापलेल्या दाण्यांवरून पाय ओढत नेला की होतात तशा त्या गुदगुल्या असतात.

बाबा फौजेतून परत आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं, फौजी, काय आणलं? फौजेतून माणूस येतो तो ट्रंक आणतो, कांबळी आणतो, फार तर रेडिओ. आमच्या बाबांनी गोणपाटांत बांधून बूट आणले. जुने, कातडी, खाली चाकं असलेले. पहाडातल्या कुठल्याशा छावणीत एक रिंक होती, तिथली फरशी पुसायची ड्यूटी बाबांना लागली होती. पुसता पुसता ते शिकले. पुढं ती रिंक मोडीत निघाली आणि तिथले बूट बाबांनी उचलले. टाचेवर पांढऱ्या रंगानं नंबर टाकलेले होते. चार, पाच, सहा, पुढं आणखी.

त्या पहाडातल्या रिंकमध्ये म्हणे सगळे बूट एका रांगेत, नंबरानं टांगलेले असत. यायचं, आपल्या पायाचा जोड खुंटीवरून काढायचा, फिरायचं, परत टांगायचा. त्यात आधी कोणाचा पाय होता हे कोणी कोणाला विचारत नसे. बाबांनी हे आम्हाला इतक्यांदा सांगितलं की माय एकदा वैतागून म्हणाली, "लोक पहाडावर जाऊन देव पाहून येतात, हे खुंट्या पाहून आले!"

आम्ही बौद्ध. आमची घरं गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकडं. वरची आळी चढावर, मारुतीच्या देवळाभोवती. कोबा या दोन्हींपासून सारख्याच अंतरावर पडत होता, आणि बाबांनी ती जागा उगाच निवडली नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. गवंडी कोबा घोटून घोटून कंटाळला आणि थापी टाकून निघून गेला. मग बाबा स्वतः गुडघ्यांवर बसले. पाण्याचा थेंब टाकला तर त्याला कुठं जावं ते कळलं नाही पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. टाकून पाहायचेही. ओणवं होऊन, गाल कोब्याला लावून, एक डोळा मिटून त्या थेंबाकडं पाहत बसायचे. भोवती बांबूचा कठडा, एका अंगाला मोठा कडुनिंब, दुसऱ्या अंगाला दगडमातीची खोली. त्या खोलीच्या एका भिंतीवर खुंट्यांची एक रांग.

आणि मग मी. त्या वयातली मी आठवली की तिचे कान उपटावेसे वाटतात. दोन वेण्या, वेण्यांना लाल रिबिनी, काळ्या तोंडावर पांढरी पावडर, पायांत बाबांचे फौजी मोजे, तेही गुडघ्याच्या वर चढवलेले. बाबांनी सगळ्यांत आधी मला शिकवलं, कारण लोकांना दाखवायला कोणीतरी हवं होतं. ती बया हात पसरून कोब्यावर निघाली की शेतातलं बुजगावणं वाऱ्यानं सुटून आलंय असं दिसायचं. तिला मात्र वाटायचं आपण बगळा आहोत. फेरी संपली की ती कठड्याशी थांबून मान लववायची. का, तर कुठल्यातरी चित्रात तसं पाहिलं होतं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत तरी लववायची.

पहिल्या उन्हाळ्यात पोरं लोटली. वरच्या आळीतली आली, खालच्या आळीतली आली, डोणगावच्या बाजाराला आलेल्या बायांची पोरं परतीच्या बसची वाट पाहता पाहता एखादी फेरी मारून गेली. घर्रर्र असा आवाज पार नाल्यापर्यंत ऐकू जायचा. आधी आधी बैल बुजायचे, मग तेही शिकले. पोरं पडायची, एकमेकांवर पडायची, कोपरं खरचटायची, घामानं बूट आतून ओले व्हायचे आणि एकानं काढले की तसेच कोमट दुसऱ्याच्या पायात जायचे. बाबा लेस बांधून देत. उकिडवे बसून, मान खाली घालून, एकापाठोपाठ एक पाय. त्यांच्याकडं पाहताना मला वाटायचं, माणूस किती खुश असू शकतो.

तहान लागली की वरच्या आळीतली पोरं बूट काढून घरी पळत जायची आणि पाणी पिऊन परत यायची. कडुनिंबाखाली आमचं मडकं भरलेलं असायचं. माय रोज घासून भरायची. मला वाटायचं, त्यांच्या घरचं पाणी जास्त थंड असेल. इतकी हुशार होते मी.

दुसऱ्या उन्हाळ्याच्या पहिल्याच दिवशी मी एक पाय उचलून फेरी मारायचा बेत केला होता. रिबिनी नव्या होत्या. अर्ध्या फेरीत आपटले, ती नाकावर. रक्तानं फ्रॉक भरला, माय हळद घेऊन धावली, पोरं हसली. आणि त्यानंतर वरच्या आळीतली पोरं यायची कमी झाली. आज एक नाही, उद्या दोघं नाहीत. मी हिशेब केला आणि माझी खात्री पटली की माझ्या पडण्यामुळं रिंक बुडत चालली आहे. लोक मला पाहायला येत होते ना! बगळ्याचं बुजगावणं झालेलं त्यांनी पाहिलं, आता कशाला येतील? म्हणून नाकाला हळदीचा लेप लावून मी भर दुपारी तापलेल्या कोब्यावर एकटीच सराव करायची. सगळा गाव परत जिंकून आणायचा होता मला. बाबा खोलीच्या दारात बसून पाहत राहायचे. एकदा नुसतं म्हणाले, "बेबी, ऊन लागन." मला वाटलं त्यांना मला ऊन लागायचीच काळजी आहे.

मग एका सकाळी नानाजी आले. वरच्या आळीतलं सगळ्यांत मोठं घर त्यांचं. धोतर पांढरंशुभ्र, बोलणं गोड. बाबांनी स्टूल पुसून दिलं. ते बसले, खोलीतली खुंट्यांची रांग त्यांनी एकदा नीट पाहून घेतली.

"फौजी, चीज लय भारी केली तुम्ही. पोरं घरी दुसरं बोलत नाहीत."

"मंग येत काऊन नाहीत, नानाजी?"

"आता पाहा. मले काही वाटत नाही. मी बुलढाण्याले जातो, कचेरीसमोर कोणाच्याबी कपात चहा पेतो. पण घरच्या बायांचं मन तुम्हाले माहीतच आहे. एकाच बुटात साऱ्याचे पाय! बायांले नाही चालत ते."



"मी नवे जोड आणून देतो," नानाजी म्हणाले. "पाहिजे तेवढे आणतो. आमच्या पोराईचे त्या समोरच्या भिंतीवर येगळे टांगा. बाकी सारं हेच. तुमची रिंक भरून वाहीन, फौजी."

मी दाराआड कान लावून उभी होते. नवे जोड! करकरीत कातड्याचे! म्हणजे माझ्या नाकानं काही बिघडलं नव्हतं! बाबांनी समोरच्या भिंतीकडं पाहिलं. मग म्हणाले, "त्या भिंतीले खिळा धरत नाही, नानाजी."

"खिळा?"

"मातीची जोडाई हाये. टांगलं का पडते."

नानाजी किंचित हसले. "पाहा, इचार करा," म्हणून उठले. ते समजले होते. बाबा समजून बोलले होते. न समजलेली तिथं एकच होती, रिबिनीवाली.

नानाजी चढ चढून दिसेनासे व्हायच्या आत मी हातोडी आणि एक बोटभर लांब खिळा शोधून काढला. समोरच्या भिंतीवर, बरोबर मधोमध, सगळा जीव लावून ठोकला. भिंत दगडाची होती, दोन दगडांच्या सांध्यात खिळा घट्ट बसला. मी त्याला माझा बूट टांगून पाहिला, ओढून पाहिला, स्वतः लोंबकळायचं तेवढं बाकी ठेवलं आणि ओरडले, "बाबा, धरते! पाहा ना, किती पक्का धरते!"

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले असते तर मी विसरले असते. त्यांनी बूट उतरवून त्याच्या खुंटीवर ठेवला, पकड आणली, खिळा हळूहळू हलवून काढला आणि माझ्या हातात दिला.

मायनं सांगितलं. संध्याकाळी चुलीपुढं, भाकर थापता थापता, माझ्याकडं न पाहता. "तुह्या बाबानं लहानपणी नानाजीच्या घरचे गुरं राखले. चहा भेटे त्याले तिथी. कप कुठी राहे, म्हाइत हाये? गोठ्यातल्या कोनाड्यात. त्याचा येगळा. पेला का त्यानंच धुवाचा अन् त्यानंच ठेवाचा. फौजेत गेला तवा कुठी सुटला तो कप." तिनं भाकर तव्यावर टाकली. "तो कोनाडा तू आज भिंतीवर ठोकून आली."

त्या रात्री मी जेवले नाही असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण जेवले. पोटभर जेवले. त्या वयात पोटाला लाज नसते. सकाळी मात्र खोलीत गेले तेव्हा समोरच्या भिंतीवर ओल्या सिमेंटचा एक ठिपका होता. बाबांनी भोक बुजवलं होतं, वरून बोटानं घोटलं होतं, कोबा घोटला होता तसंच.

खालच्या आळीतली पोरं येत राहिली. मी म्हटलं, आपली आपण खेळू, आपल्याला कोणाची गरज? मला वाटलं बाबा खुश होतील, पोरीला स्वाभिमान आला म्हणतील. ते म्हणाले, "आपली आपणच खेळाचं होतं तर येवढा कोबा कायले केला, बेबी?" आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी कठड्याच्या तोंडाशी आडवा घातलेला बांबू उचललाच नाही. कोणाला सांगितलं नाही, पाटी लावली नाही. पोरं येऊन उभी राहिली, बांबू आडवा पाहून परत गेली. एवढाच तिचा शेवट. डोणगावात आज कोणाला विचाराल तर म्हणतील, रिंक? इथं कधी?

आम्ही तिथं पोचलो होतो आणि श्रावस्ती कोब्यावर उभी राहून पायानं तडा चाचपत होती. कडुनिंब अजून आहे. खोलीचं छप्पर बसलंय. भावाचा मुलगा कोब्यावर ट्रॅक्टर लावतो, त्याच्या तेलाचे काळे डाग पडलेत. पण तड्यांच्या मधला भाग अजून तसाच गुळगुळीत आहे. बसताना मला हात टेकावा लागला तेव्हा तळहाताला ते कळलं. मी तिला खिळ्यापर्यंतची गोष्ट सांगितली होती.

"मग पणजोबांनी ठेवायच्या होत्या ना दोन रांगा," ती म्हणाली. "निदान रिंक तरी चालली असती. नंतर केल्या असत्या एक."

तिच्या वयात मी हातोडी घेऊन पळत सुटले होते. ती निदान उभी राहून विचारत होती. आणि खरं सांगू? मलाही पुष्कळदा वाटतं, चालली असती. कोबा घर्रर्र वाजत राहिला असता, बाबांनी आणखी कितीतरी पायांच्या लेस बांधल्या असत्या. संध्याकाळच्या वेळी रिकाम्या कोब्याकडं तोंड करून बसणारा तो माणूस मला पाहावा लागला नसता. असं मनात येतं आणि लगेच तो कोनाडा येतो.

रिंक बंद झाली त्यानंतरच्या फाल्गुनातली गोष्ट. हरभरा त्या वर्षी असा आला होता की नजर लागेल म्हणून लोक बोलायला भीत होते. मळणी झाली, खळ्यांवर राशी पडल्या आणि आभाळ फाटलं. आधी गारा, मग पाऊस. खळी मातीची, सारवलेली, त्यांचा चिखल झाला. राशी भिजल्या. दोन दिवसांत सगळ्या गावात एक आंबूस, कोंदट वास पसरला. उघडीप पडली तेव्हा बाया ओल्या राशीत हात घालत आणि हात गरम लागला की तोंडाला पदर लावत. दाण्यांना कोंब फुटत होते. पसरायला कोरडी जागा हवी होती आणि सगळ्या शिवारात तशी जागा एकच होती.

गोदाकाकू आल्या. नानाजींच्या मालकीण. आमच्या बाजूला त्या कधी उतरल्या नव्हत्या. पन्नाशीची, उंच, अंगानं भरलेली बाई, लुगडं चिखलानं पोटरीपर्यंत माखलेलं. कठड्याच्या बाहेर थांबल्या.

"फौजी भाऊ, हरभरा सडून राह्यला आमचा."

बाबा उठले आणि आडवा बांबू काढून बाजूला ठेवला. "आणा," म्हणाले.

मी पेटले. मी तोवर शहाणी झाले होते ना, सगळं कळत होतं. बाबांना खोलीत गाठून म्हटलं, "पाय चालत नाहीत अन् हरभरा चालते?" चालतच होता. कोरडा दाणा कोणाच्याही अंगणातून उचलावा, शिजला की उचलू नये, हे गावात प्रत्येकाला पाठ होतं. बाबा म्हणाले, "हरभऱ्यानं काय केलं, बेबी?" आणि बाहेर जाऊन पोती उतरवायला हात लावू लागले.

पिवळाजर्द कोबा झाला तो. ऊन कडक पडलं. ओल्या दाण्यांतून वाफ निघत होती आणि वासानं डोकं जड होत होतं. असा पसरलेला हरभरा सारखा खालीवर करावा लागतो, आणि त्याला हात लागत नाही, पाय लागतात. अनवाणी पाय उचलायचे नाहीत, दाण्यांतून ओढत न्यायचे. मागं दोन सऱ्या पडतात, खालचा ओला दाणा वर येतो. गोदाकाकू मजूर बायांबरोबर पाळी घालत होत्या. बाया सरळ रेघेत जात होत्या, शेतात जातात तशा. काकू मात्र कठड्याच्या कडेनं वळल्या, आणि वळतच राहिल्या, गोल. कोबा गुळगुळीत, दाणे पायांखाली फिरणारे, त्या जड बाईला वेग आला. एका वळणावर त्यांचा पाय सरकला, तोल गेला, त्यांनी तो दोन्ही हात पसरून सावरला आणि इकडंतिकडं पाहून स्वतःशीच हसल्या. बाबा दारात बसून पाहत होते. मीही पाहत होते. रागानं पाहायचं ठरवलं होतं, ते जमत नव्हतं.

दुपारी मजूर बाया कडुनिंबाखाली भाकर सोडून बसल्या. काकू पदरानं तोंड पुसत खोलीच्या दाराशी आल्या आणि आत पाहू लागल्या.

"हेच काय ते बूट?"

"हो," बाबा म्हणाले.

"आमचे पोरं लय रडले होते, भाऊ, इथी यायसाठी."

बाबा अगदी हळू म्हणाले, "घरच्या बायांले चालत नाही, असं समजलं होतं."

"बायांले?" काकूंनी त्यांच्याकडं पाहिलं. "मले कोणी इचारलं?"

कोण म्हणालं हे त्यांनी विचारलं नाही, बाबांनी सांगितलं नाही. काकूंचा चेहरा मात्र बदलत गेला, उकळी यायच्या आधी दूध हलतं तसा. त्या उंबऱ्यावर बसल्या, पायांचे दाणे झटकले.

"काढा पाहू एक जोड. माह्या पायाचा."

बाबांनी लांबूनच पाय पाहिला. "पाच," म्हणाले, खुंटीवरून जोड काढला आणि माझ्याकडं दिला. "बेबी, लेस बांध." मी बूट उलटे करून झटकले, आतून एक कोळी पडला. काकूंची टाच भेगाळलेली होती आणि एका भेगेत हरभऱ्याची टरफलं अडकली होती. मी ती काढली. पाय बुटात गेला. मी लेस बांधली. गेल्या खेपेला त्या बुटात कोण होतं ते मला आठवत होतं, खालच्या आळीतली माझी मैत्रीण.

काकू उठल्या. बाबाही उठले. काकूंनी पाय पुढं लोटला आणि चाक फिरेना. दुसरा लोटला, तेही फिरेना. चाकं गच्च बसली होती.

मीच बसवली होती. रिंक बंद झाली त्या पावसाळ्याच्या आधी, गंज चढू नये म्हणून, एकूणएक चाकात मी मायेनं तेल सोडलं होतं. आमच्या घरात तेल म्हणजे जवसाचं. चटणीवर तेच, भाकरीवर तेच, मग चाकाला दुसरं कुठलं? जवसाचं तेल वाळलं की त्याचा डिंक होतो. आमच्या तेलाच्या बरणीचं बूच दरवर्षी चिकटून बसायचं आणि ते काढायला माय मलाच बोलवायची. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी बाबांकडं पाहिलं. इतके दिवस त्यांनी ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन उभं होतं आणि त्यांच्या पोरीनं ते चिकटवून ठेवलं होतं.

"चालत काऊन नाही हे?" काकूंनी विचारलं.

"तेल वाळलं," बाबा म्हणाले.

"मंग मीच चालते," काकू म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून निघाल्या. केवढा भार! खट, खट, खट. न फिरणाऱ्या चाकांवरून, हरभऱ्याच्या कडेकडेनं, त्यांनी पुरी फेरी मारली. कडुनिंबाखाली घास थांबले. एक मजूर बाई म्हणाली, "अवं माय!" दुसरीनं तिला कोपरानं ढोसलं. काकू काही पाहत नव्हत्या. ओठ दाबून, घाम गाळत, एकेक पाऊल टाकत होत्या. फेरी पुरी झाली तेव्हा उंबऱ्यावर टेकून त्यांनी बूट काढले आणि ते कोणाच्या हातात न देता स्वतः उठून खुंटीवर टांगले. चार नंबर आणि सहा नंबर यांच्या मधे.

मला वाटलं, झालं. एवढंच असायचं. नवऱ्याच्या माघारी बाई काय, काहीही करते.

दुसऱ्या दिवशी हरभरा खडखडीत वाळला होता. नानाजी स्वतः बैलगाडी घेऊन आले. पोती भरली जात होती, काकू खाली बसून दाभणानं पोत्यांची तोंडं शिवत होत्या. मजूर होते, बाया होत्या, वाटेवरचे दोघेतिघे उगाच थांबले होते. नानाजींनी कोब्यावर नजर फिरवली.

"जागा मोठी कामाची निघाली, फौजी," ते म्हणाले. "बुटाचं नाही जमलं तर नाही जमलं."

"बुटबी चांगले आहेत," काकू म्हणाल्या. मान वर केली नाही, दाभण थांबलं नाही. "मी घातले काल."

नानाजींना ऐकू आलं नाही असं नाही, पण ते म्हणाले, "काय?"

"साऱ्याच्या पायातले. मले चालते." त्यांनी सुतळी दातानं तोडली. "पाच नंबर येते मले."

नानाजी बायकोच्या पायांकडं पाहत होते. इतक्या वर्षांच्या संसारात ते पाय त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा पाहिले असावेत. आणि माझे बाबा, जे त्या माणसापुढं कधी वर पाहून एक वाक्य बोलले नव्हते, ते दोन पावलं पुढं आले आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "अन् तुमचा, नानाजी?"

मला वाटलं आता आभाळ कोसळणार. नानाजींनी खाली, स्वतःच्या करकर वाजणाऱ्या वहाणांकडं पाहिलं. एवढ्या लोकांत त्यांना तिसरं काही पाहायला राहिलं नव्हतं.

"आठ," ते पुटपुटले. "आठ असंन."

बाबांनी मान हलवली. पोती गाडीवर चढली, गाडी चढाला लागली, काकू गाडीमागून चालत गेल्या. नानाजी कधी आले नाहीत. काकूही परत उतरल्या नाहीत, त्यांना उतरू दिलं की नाही ते आम्हाला कळलं नाही. रिंक पुन्हा उघडली नाही. ही सगळी पुढची गोष्ट. त्या दुपारी आम्हा बापलेकींना त्यातलं काही माहीत नव्हतं. गाडी वळणाआड गेली तसे बाबा म्हणाले, "बेबी, आठ नंबरचा जोड काढ. रॉकेलनं धू."

मी उंबऱ्यावर बसून धुतला. कोंबडीच्या पिसानं चाकांच्या पोटातला डिंक खरवडला, परत रॉकेल ओतलं, परत खरवडला. बोटं जळजळायला लागली. शेवटी बूट उलटा धरून मी एक चाक अंगठ्यानं ढकललं. ते फिरलं. जोरात फिरलं आणि थांबेचना. मी त्यावर बोट ठेवायला गेले तर बाबा, चढाकडं तोंड करून बसलेले, मागं न पाहता म्हणाले, "राहू दे. फिरू दे."